आधी बोंडअळीचे आकडे द्या

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासूनच जीवशास्त्राच्या मुलांना कोडिंग शिकवा, हे लेखातलं म्हणणं पटलं. पण सुरुवात आयरिसच्या त्याच 150 फुलांच्या मापांनी, सरावाला सगळीकडं वापरतात त्या तक्त्यानं कशाला? परभणी-जालन्याच्या पोरांना कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचे आकडे द्या की! कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या) सलग 3 रात्री रोज 8 पतंग सापडले की फवारणीचा विचार करायचा, हे कापूसवाल्या घरात ऐकलेलं असतं. हाच नियम 'आर' या कोडिंगच्या भाषेत लिहायला लावा, 'इफ' म्हणजे 'असं असेल तर' ही अट आपोआप कळेल. शिवाय सापळा पाहिलाच नाही तिथं 'एनए' (म्हणजे नोंदच नाही) आणि पतंग आलाच नाही तिथं शून्य, हा फरकही कळेल. एक्सेलमध्ये पोरं सर्रास दोन्हीकडं शून्य टाकतात, अन् सरासरी उगाच खाली येते. 'आर' तर फुकटच आहे. कॉम्प्युटर लॅबचं कुलूप तेवढं उघडा.