‘घरचेच कनेक्शन कारखान्याला पुरते’ सांगणाऱ्या संदेशाविषयी

‘व्यापारी बंधूंनो, इंटरनेट कंपन्यांची लूट थांबवा’ या हाकेने सुरू होणारा एक संदेश लघुउद्योजकांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या जोरात फिरत आहे. त्यात पाच गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या आहेत: घरच्या आणि धंद्याच्या इंटरनेटची तार एकच असते, म्हणून घरगुती योजनाच घ्यावी, एमबीपीएस (इंटरनेटचा वेग मोजण्याचे एकक) जितके जास्त तितके काम जलद, स्टॅटिक आयपी (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता) ही निव्वळ फसवणूक आहे, दुसऱ्या लाइनची गरज नाही, मोबाइलचा हॉटस्पॉट पुरतो, आणि उपग्रहाचे इंटरनेट येतच आहे, तोवर कोणाशीही करार करू नये. असले संदेश मी एरवी न वाचताच पुसून टाकतो. मात्र कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत सुट्या भागांचा कारखाना चालवणाऱ्या माझ्या भाच्याने, कार्यालयातील माणसे चारांवरून वीसांवर गेलेली असताना, हा संदेश प्रमाण मानून धंद्याची जोडणी बंद करण्याचा अर्ज भरून ठेवला, तेव्हा उत्तर देणे भाग पडले.

सर्वाधिक नुकसान करणारा दावा पहिलाच आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे आणि ते मला नाइलाजाने मान्य करावे लागते. ‘बिझनेस ब्रॉडबँड’ या नावाने विकल्या जाणाऱ्या बऱ्याच योजना घरगुती फायबरच्याच जाळ्यावर चालतात. त्या जाळ्यात बहुतेक ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या जीपॉन या तंत्रात कंपनीच्या केंद्रातील एका पोर्टची, म्हणजे एका जोडबिंदूची, सुमारे २.५ जीबीपीएस (एक जीबीपीएस म्हणजे हजार एमबीपीएस) डाउनलोड आणि १.२५ जीबीपीएस अपलोड क्षमता स्प्लिटर हे तार विभागणारे साधन लावून ३२ किंवा ६४ ग्राहकांत वाटली जाते. लीज्ड लाइनचे, म्हणजे एकाच ग्राहकासाठी भाड्याने दिलेल्या स्वतंत्र जोडणीचे, तसे नसते. तिथे ठरलेली क्षमता दोन्ही दिशांना तुमच्यासाठी राखून ठेवलेली असते आणि म्हणूनच ती महाग असते. वीस माणसांच्या प्रत्येक कार्यालयाला लीज्ड लाइन हवीच असे सांगणारा विक्रेताही खरे बोलत नाही, हेही लिहून ठेवतो.

परंतु तार एक आहे एवढ्यावरून सेवा एकच ठरत नाही. तार तुटल्यावर काय होते, याविषयी त्या संपूर्ण संदेशात एक अक्षर नाही, आणि धंद्याने पैसे मोजायचे असतात ते नेमके त्यासाठी. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने म्हणजे ट्रायने २००६ साली ब्रॉडबँड सेवेच्या गुणवत्तेचे विनियम काढले. २०२४ मध्ये त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली असली, तरी साध्या ब्रॉडबँडकडून किती अपेक्षा ठेवायची याचा अंदाज त्या जुन्या आकड्यांतून चांगला येतो. सेवा ९८ टक्क्यांहून अधिक वेळ चालू असावी, ९० टक्क्यांहून अधिक बिघाड पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत आणि ९९ टक्के बिघाड तीन कामाच्या दिवसांत दुरुस्त व्हावेत, असे ते मापदंड होते. ९८ टक्के ऐकायला भरघोस वाटते. तीस दिवसांच्या महिन्यात उरलेले दोन टक्के म्हणजे १४ तास २४ मिनिटे होतात. शनिवारी संध्याकाळी जेसीबीने फायबर तोडली, तर ‘पुढचा कामाचा दिवस’ सोमवारी उजाडतो. तीन कामाचे दिवस उलटूनही दुरुस्ती झाली नाही, तर त्या विनियमांत पहिल्या टप्प्यावर भरपाई होती ती सात दिवसांच्या भाड्याएवढी सूट. महिना हजार रुपयांच्या योजनेत सव्वादोनशे-अडीचशे रुपये. तेवढ्यात कारखान्याच्या चहाचासुद्धा खर्च निघत नाही. याउलट धंद्याच्या करारात ९९.५ टक्क्यांची हमी लेखी असेल, तर महिन्यात बंद राहण्याची मुभा ३ तास ३६ मिनिटांची उरते आणि ती ओलांडल्यास काय द्यायचे हेही करारातच ठरलेले असते. ही हमी लेखी नसेल, तर ‘बिझनेस’ या शब्दासाठी जादा पैसे देऊ नयेत. तेवढ्यापुरता संदेशकर्त्याचा संताप रास्त आहे.

शिवाय अनेक कंपन्यांच्या घरगुती योजनांच्या अटींत व्यावसायिक वापराला मनाई असते. अमर्याद म्हणून विकल्या जाणाऱ्या योजनांनाही मर्यादा असते, आणि मोठ्या कंपन्यांच्या योजनांत ती महिना ३,३०० जीबी अशी आढळते. कुटुंबाला ती कधी दिसतही नाही. कारखान्यातील आठ कॅमेऱ्यांचे चित्रण, प्रत्येकी २ एमबीपीएस धरून, दिवसरात्र क्लाउडवर जात असेल आणि अपलोडही मोजणीत धरले जात असेल, तर दिवसाला सुमारे १७३ जीबी खर्च होऊन विसाव्या दिवशी ती संपते. आणखी एक गोष्ट भाच्याच्या हिशेबनिसाने तरी सांगायला हवी होती: इंटरनेटच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि बिल कारखान्याच्या नावाने व जीएसटी क्रमांकासह नसेल, तर त्या कराची वजावट घेता येत नाही. घराच्या नावावर स्वस्त जोडणी घेऊन केलेली ही बचत तिथेच गळू लागते.

एमबीपीएसच्या दाव्याला फार वेळ देण्याची गरज नाही. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. इंटरनेटवरचा एक फोन साधारण १०० केबीपीएस, म्हणजे एका एमबीपीएसचा दहावा भाग, घेतो, म्हणजे एकाच वेळी दहा जण बोलत असले तरी एका एमबीपीएसचा खेळ. आवाज तुटतो तो बहुधा विलंबातील चढउतारामुळे, डेटा मध्येच गळाल्यामुळे, किंवा पत्र्याच्या शेडच्या एका टोकाला ठेवलेल्या फुकटच्या वायफाय राउटरमुळे. लॅपटॉपला थेट वायर जोडून वेग तपासल्याशिवाय मोठी योजना घेणे व्यर्थ आहे.

स्टॅटिक आयपी ही फसवणूक नाही, पण प्रत्येकाची गरजही नाही. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला, त्यामुळे बऱ्याच कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. राउटरच्या सेटिंगमध्ये दिसणाऱ्या वॅन (बाहेरच्या इंटरनेटकडील) पत्त्याची सुरुवात १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही होत असेल, तर तुमची जोडणी अशीच आहे असे समजावे. मग कारखान्यातील सर्व्हरवर बाहेरून थेट पोहोचता येत नाही, आणि ठरावीक पत्त्यावरूनच प्रवेश देणाऱ्या मोठ्या ग्राहक कंपनीची प्रणालीही उघडत नाही. हिशेब क्लाउडवर आणि कॅमेरे ॲपवर असतील, तर हा खर्च खुशाल टाळावा.

हॉटस्पॉटविषयी थोडे सविस्तर सांगावे लागेल. पाच कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल, बंधनकारक आहे. पोर्टलवरून क्रमांक मिळाल्याशिवाय बिल ग्राह्य नाही, आणि बिलाशिवाय भरलेला ट्रक फाटकातच उभा राहतो. तेवढे बिल काढायला हॉटस्पॉट पुरतो, हे खरे आहे. वीस जणांचे कार्यालय त्यावर दिवसभर चालत नाही. त्याहून मोठी चूक अशी, की अनेक जण ज्या कंपनीची फायबर तिचेच सिम ठेवतात. मोबाइलचा टॉवरही बहुधा फायबरनेच जोडलेला असतो आणि दोन्ही तारा एकाच रस्त्याकडेने गेल्या असतील, तर एकच खोदकाम दोन्ही बंद पाडते. खोदण्यापूर्वी तारांच्या मालकांना कळवता यावे म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणले, यावरूनच दुखणे किती जुनाट आहे ते कळते. दुसरी लाइन दुसऱ्या कंपनीची, दुसऱ्या बाजूने वसाहतीत शिरणारी असावी, आणि दोन्ही लाइन घेणारा राउटर असावा. ही दुसरी लाइन घरगुती दर्जाची का असेना, भाच्याला मी हेच सुचवले आहे: मुख्य जोडणी ठेव आणि बचतीचा हट्ट बॅकअपवर कर. मोडेम व राउटर यूपीएसवर नसतील, तर वीज जाताच दोन्ही लाइन निरुपयोगी होतात.

राहिला उपग्रह. स्टारलिंकला भारतात जून २०२५ मध्ये परवाना मिळाला आहे. जिथे फायबर पोहोचत नाही तिथे अशा सेवेचा उपयोग होईल. शिरोलीसारख्या वसाहतीत तिच्यासाठी आजचे काम अडवून ठेवण्याचे कारण नाही. फार तर करार एका वर्षाहून लांब करू नये, आणि मुदतीपूर्वी सोडल्यास किती रक्कम भरावी लागेल, हे सही करण्याआधी लेखी मागून घ्यावे.