८०० ची पाटी जुनी झाली

फिल्म कॅमेरा घेऊन परदेशी निघालेल्या माणसाला आजही एक सल्ला हमखास मिळतो : ८०० आयएसओपर्यंतचे रोल एक्स-रेमधून गेले तरी बिघडत नाहीत (आयएसओ म्हणजे फिल्मच्या संवेदनशीलतेचा आकडा; तो जितका मोठा, तितकी फिल्म नाजूक). हा सल्ला एके काळी बरोबर होता आणि माझ्या मते म्हणूनच तो आज धोक्याचा आहे. हँडबॅगेज तपासणाऱ्या जुन्या यंत्रांत किरणांची मात्रा कमी असे. १०० किंवा ४०० चा रोल त्यांतून दोन-चार वेळा गेला तरी डोळ्यांना फरक दिसत नसे. आता अनेक विमानतळांवर त्यांच्या जागी सीटी स्कॅनर आले आहेत. रुग्णालयातल्या सीटीप्रमाणेच ते बॅग चहूबाजूंनी टिपून तिची त्रिमितीय प्रतिमा उभी करतात आणि त्यासाठी लागणारी किरणांची मात्रा फिल्मला एकाच फेरीत फॉग, म्हणजे सर्वत्र धुरकटपणा, आणू शकते. कोडॅक आणि इलफर्ड या दोन्ही कंपन्या न धुतलेली फिल्म या यंत्रांत घालू नका, असे सांगतात.

मला हे कंपन्यांच्या सूचना वाचून कळले नाही, ही माझीच चूक. एका प्रवासात ‘लॅपटॉप बाहेर काढू नका, सगळे बॅगेतच राहू द्या’ असे ऐकून मला बरेच वाटले होते. ती सोय म्हणजे समोर बहुधा सीटी स्कॅनर असल्याची खूण, हे परत येऊन रोल धुतल्यावर उमगले. ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हवर दोन फ्रेममधली जी पट्टी स्वच्छ दिसायला हवी, तीच धुरकट झाली होती. प्रिंटमध्ये सावल्या काळ्याऐवजी राखाडी आल्या आणि त्यांत वाळू पसरल्यासारखा दाणा दिसू लागला.

चेक-इन बॅगेत रोल ठेवण्याचा तर प्रश्नच नाही. तिथली यंत्रे फार पूर्वीपासून फिल्मच्या मुळावर उठलेली आहेत. शिशाच्या पिशवीवरही माझा विश्वास नाही. पडद्यावर आत काय आहे ते दिसले नाही, तर कर्मचारी ती उघडणार किंवा बॅग पुन्हा आत सोडणार, आणि किरणांचा परिणाम तर प्रत्येक फेरीगणिक साचत जातो. धुतलेल्या निगेटिव्हना आणि मेमरी कार्डांना मात्र यातले काही बाधत नाही.

उरतो तो हाताने तपासणी मागण्याचा मार्ग. अमेरिकेत ती मागण्याची मुभा प्रवाशाला आहे. इतर अनेक देशांत मात्र सारे समोरच्या कर्मचाऱ्याच्या मर्जीवर असते, त्यामुळे तिथे हक्काची भाषा करून उपयोग नाही. मी रोल खोक्यांतून आणि काळ्या डब्यांतून काढून एका पारदर्शक पिशवीत भरतो, एखादा ३२०० चा रोल मुद्दाम वर ठेवतो (त्या आकड्याने निम्मी चर्चा वाचते) आणि ट्रे पट्ट्यावर जाण्यापूर्वीच पिशवी हातात धरून विनंती करतो. बहुतेक वेळा रोलवरून कापडाची पट्टी फिरवून ती स्फोटकांच्या चाचणीसाठी यंत्रात घालतात आणि पाच मिनिटांत मोकळे करतात. एकदा एका तरुण कर्मचाऱ्याने कुतूहलाने रोलची जीभ, म्हणजे डबीबाहेर राहिलेले फिल्मचे टोक, चिमटीत धरून बाहेर ओढायला सुरुवात केली होती. त्याने आयुष्यात रोल पाहिलेला नसावा. त्याला दोष तरी काय द्यायचा? तेव्हापासून वापरलेल्या रोलची जीभ मी पूर्ण आत गुंडाळून घेतो.

सर्वांत अडचणीचा असतो तो कॅमेऱ्यात अर्धवट राहिलेला रोल. कॅमेरा उघडून दाखवा म्हटले तर रोलला उजेड लागतो, नाही म्हटले तर कॅमेरा यंत्रात जातो. म्हणून गेल्या खेपेला परतताना विमानतळाबाहेरच्या फुटपाथवर बसून मी उरलेल्या ११ फ्रेम स्वतःच्या बुटांवर आणि सामानाच्या ढकलगाडीवर संपवल्या, रोल गुंडाळला आणि मगच आत गेलो.