आयर्विनला किती फूट? आणि बुडाशी किती?

पावसाळ्यात सांगलीकराचा प्रश्न एकच: 'आयर्विनला किती?' म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे शाळेतल्या पोरालाही पाठ. २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं, तेही सगळ्यांच्या लक्षात आहे. पण हा आकडा पाणी किती चढलं एवढंच सांगतो. त्याच वेळी नदीनं पिलरच्या बुडाशी किती खणलं, हे कुणी विचारत नाही. नदीवरचे जुने पूल जातात ते बहुतेक वेळा तिथूनच.

सध्या जुन्या पुलांना सेन्सर बसवायची चर्चा जोरात आहे. बसवा, हरकत नाही. पण पुलाच्या कठड्यावर चार डब्या, ऑफिसात एक मोठा स्क्रीन आणि उद्घाटनाचा फोटो एवढ्यावर भागणार असेल, तर ते पैसे दगडांमधल्या दरजा (सांधे) भरायला वापरलेले बरे. माझ्या मते पहिला सेन्सर पाण्याखाली जायला हवा.

कारण साधं आहे. पाणी पिलरच्या नाकावर, म्हणजे प्रवाहाकडच्या टोकावर, आपटतं, खाली वळतं आणि बुडाशी भोवरा धरून माती उपसतं. रस्ते-पुलांचे नियम ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबात पिलरपाशी खोदाईची खोली नदीतल्या सरासरी खोदाईच्या दुप्पट धरतात, तीही पूररेषेपासून मोजून. खरी गोम पुढे आहे. पूर ओसरताना तोच खड्डा गाळानं परत भरतो. उन्हाळ्यात तपासणीला गेलं की तळ सपाट दिसतो आणि शेरा पडतो 'ठीक'. आवाजाच्या लहरींनी खोली मोजणारा इको साउंडरही गाळाचा वरचा थरच दाखवतो. म्हणून होडीतून प्रत्येक पिलरभोवती निदान आठ ठिकाणी खोली मोजायची, आणि तिथेच २० मिमीची लोखंडी सळई दाबून बघायची. हातानं दाबताच सळई हातभर आत गेली, तर तो गाळ ताजा भरलेला आहे. पाया खडकावर आहे की मातीत, हे जुन्या नकाशात आधी बघा. खडकावर असेल तर निम्मी काळजी मिटली.

ऐन पुरात मोजायचं तर पिलरला तसाच लहरींनी खोली मोजणारा सोनार लावतात. तो बरोबर नाकावर लावला की वाहून आलेलं झाड पहिल्याच पुरात त्याला घेऊन जातं. थोडा बगलेला, जाड अँगलच्या आडोशाला लावावा. पाण्यातल्या हवेच्या बुडबुड्यांनीही तो फसतो. म्हणून जोडीला पिलरच्या माथ्यावर कल मोजणारा टिल्टमीटर हवा. १२ मीटर उंचीचा पिलर बुडातून अंशाच्या दहाव्या भागानं जरी कलला, तरी माथा २१ मिमी सरकतो. डोळ्यांना हे दिसत नाही, टिल्टमीटरला सहज दिसतं.

आता दगडी पुलाच्या कमानी आणि रस्ता यांच्यामधला मातीचा भराव. कृष्णाकाठच्या माणसाला माहीत आहे, काठ ढासळतो तो पूर चढताना नाही, उतरताना. पुलाचंही तसंच. नदी झपाट्यानं खाली जाते, भरावातलं पाणी आतच राहतं आणि बाजूच्या भिंतीला बाहेर ढकलतं. त्या पाण्यासाठीच भिंतीत वीप होल, म्हणजे निचऱ्याची भोकं, ठेवलेली असतात, आणि नेमकी तीच मातीनं बुजलेली असतात. सळई घालून ती मोकळी करायला कसलंही ॲप लागत नाही. दगडांच्या फटीत उगवलेलं पिंपळ-उंबराचं रोप नुसतं छाटलं की दुप्पट जोमानं फुटतं, उपटलं तर दगड घेऊन येतं. बुंध्याला भोक पाडून औषध घाला, मूळ वाळू द्या आणि मग फट भरा. तीही चुन्यानं. चुन्याच्या बांधकामात कडक सिमेंट भरलं की ओल अडते आणि दगडाच्या कडा फुटतात.

आणि डांबर! खरवडल्याशिवाय थरावर थर. ५० मिमीचा एक थर, साडेसात मीटर रुंद आणि १०० मीटर लांब पुलावर सुमारे ८६ टन. दर चार-पाच वर्षांनी एवढं ओझं आपण कमानींवर कायमचं ठेवतो, आणि बंदी मात्र ट्रकना.

तड्यावर काचपट्टी चिकटवायची जुनी पद्धत अजून चालते, पण काच एकदाच फुटते. तडा किती उघडला, परत मिटला का, हे ती सांगत नाही. इलेक्ट्रॉनिक क्रॅकमीटर सांगतो, मात्र शेजारी तापमानाचा सेन्सर हवाच. एप्रिलची दुपार आणि डिसेंबरची पहाट यांत तडा आपोआप उघडतो-मिटतो. पूर्ण एक वर्षाच्या नोंदी हातात आल्याशिवाय धोक्याचा आकडा ठरवायचा नसतो. नाहीतर रोज खोटा अलार्म, आणि महिन्याभरात कुणीतरी आवाज बंद करून ठेवतो.

पाणीपातळीचा रडार सोपा वाटतो, पण त्याच्या बीमचा कोन ८ अंश असला तर १५ मीटर खाली त्याचा पट्टा दोन मीटरचा होतो. पिलरजवळ लावला की तो पिलरच मोजत बसतो. पुरात वीज जाते, मागोमाग मोबाइल टॉवरही. म्हणून पुलावरच्या लॉगरमध्ये, म्हणजे नोंदी ठेवणाऱ्या यंत्रात, नोंदी साठल्या पाहिजेत, दोन कंपन्यांची सिम हवीत, आणि आठवडाभर ऊन नसलं तरी पुरेल एवढी बॅटरी हवी. निविदेत खरेदीसोबत देखभालीचा करार आणि नोंदींची मालकी स्पष्ट लिहा. करार संपला आणि पासवर्ड ठेकेदाराकडेच, असं व्हायला नको.

सगळ्यात अवघड काम मात्र कागदावरचं आहे. कोणत्या आकड्याला वाहतूक थांबवायची आणि कुणी? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल गेला, दोन एसटी बस पुरात गेल्या. अशा रात्री परवानगीची फाइल फिरवायला वेळ नसतो. रात्री दोनला ड्यूटीवर असलेल्या माणसाला बॅरिकेड लावायचा लेखी अधिकार आधीच दिलेला हवा. आणि दर मे महिन्यात, कुणाला न सांगता, टिल्टमीटर हातानं एक अंश कलवून बघा. फोन कुणाचा वाजतो आणि पुलावर पहिला माणूस किती मिनिटांनी येतो, तेवढं लिहून ठेवा.