काच सोडून सगळ्याचा विमा

आज विमा एजंटाने अत्यंत प्रसन्न आवाजात मला सांगितले, ‘साहेब, काच सोडून सगळं कव्हर होतं.’ मी इमारतींच्या खिडक्या धुण्याचा व्यवसाय करतो, हे त्याला पहिल्याच वाक्यात सांगितले होते. बादली निसटून खालच्या माणसाच्या डोक्यात पडली, तर कंपनी भरपाई देईल. शिडी घसरून कोणाच्या गाडीचे टप चेपले, तरी देईल. परंतु ‘विमाधारक ज्या मालमत्तेवर प्रत्यक्ष काम करत असेल, ती मालमत्ता वगळून’ असे एक कलम आत कुठेतरी बारीक अक्षरांत दडलेले आहे, आणि माझ्या बाबतीत ती मालमत्ता म्हणजे काच. न्हाव्याला विमा विकावा आणि गिऱ्हाइकाचे डोके तेवढे वगळावे, तसलाच हा प्रकार. मी आवाज चढवला तेव्हा त्याने तितक्याच प्रसन्नतेने सांगितले की काचेसाठी वेगळे जोडपत्र मिळते, अर्थात जादा प्रीमियम भरून. ते जोडपत्र मागवून वाचले, तर त्यात काच फुटली तर भरपाई आहे. ओरखडा पडला तर नाही, कारण ओरखडा हा अपघात नसून ‘कामातील उणीव’ आहे!

हे वाक्य लिहिणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी नव्या इमारतीची टफन, म्हणजे तापवून मजबूत केलेली, काच हातात स्क्रॅपर, म्हणजे खरवडायचे पाते, घेऊन साफ करावी. ही काच कारखान्यात सहाशे अंशांहून अधिक तापवून एकदम थंड केली जाते. त्या वेळी कापकामातून उरलेली काचेची बारीक भुकटी नीट धुऊन काढलेली नसेल, तर तिचे कण पृष्ठभागाला कायमचे चिकटून बसतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत. सिमेंट आणि रंगाचे डाग काढायला पाते फिरवले की तेच कण सुटून पात्याखाली घासत जातात आणि काचभर रेघा उमटतात. चूक कारखान्याची, डाग बांधकामवाल्यांचे आणि बिल मात्र माझ्या नावावर. त्याच टफन काचेत निकेल सल्फाइडचा कण अडकलेला असेल, तर ती बसवल्यानंतर काही वर्षांनी, कोणी हातही न लावता, आपोआप फुटू शकते. पण ती फुटण्याच्या आठवड्यात आम्ही तिथे स्क्वीजी, म्हणजे पाणी निपटायची रबरी पट्टी, फिरवून गेलेलो असलो, की तपास करण्याची गरज कोणालाही वाटत नाही.

एजंटांवर राग काढायचाच असेल तर मग सगळाच काढतो. अर्जातल्या व्यवसायांच्या यादीत ‘खिडक्या धुणे’ हा पर्यायच नसतो. ‘घरगुती स्वच्छता’ निवडावी, तर दोरावर लटकून केलेल्या कामाचा क्लेम ‘चुकीची माहिती दिली’ म्हणून फेटाळायला कंपनी मोकळी. ‘उंचीवरील बांधकाम’ निवडावे, तर प्रीमियम असा येतो की जणू आम्ही पूलच बांधत आहोत. स्वस्त पॉलिसी हाती लागली म्हणून आनंद व्हावा, तोच ठरावीक उंचीच्या वरचे काम तिच्यात बसत नाही असे कळते, म्हणजे खालचे मजले विमाधारकाचे आणि वरचे देवाचे. डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक नुकसानीतला आम्ही स्वतः सोसायचा पहिला हिस्सा, इतके ठेवलेले असते की साध्या खिडकीच्या काचेचा खर्च त्याच्या आतच बसतो आणि कंपनीला काहीच द्यावे लागत नाही. ‘प्रत्येक घटनेमागे’ म्हणून ठळक छापलेला भलामोठा आकडा आणि ‘संपूर्ण वर्षासाठी’ हा खाली बारीक छापलेला आकडा पुष्कळदा एकच असतो, त्यामुळे एक मोठा क्लेम झाला की उरलेले वर्ष आम्ही उघडेच. ही पॉलिसी त्रयस्थाच्या, म्हणजे बाहेरच्याच्या, नुकसानीपुरती; आमचा स्वतःचा माणूस पडला तर ती कामाचीच नाही, त्याचा विमा निराळा घ्यायचा. हंगामात रोजंदारीवर घेतलेला मदतनीस ‘स्वतःचा’ की ‘त्रयस्थ’, यावर तर दोन एजंटांचे एकमत मी आजवर ऐकलेले नाही. शिवाय प्रीमियमच्या चढत्या क्रमाने पॉलिसी लावून दाखवणारी ती तुलनेची संकेतस्थळे! वगळलेल्या बाबींच्या क्रमाने एकदा लावून दाखवा, म्हणजे यादीचा रंग पालटेल.

या सगळ्याचा परिणाम असा झाला आहे की मी घरातही सुसह्य राहिलेलो नाही. खिडकीची काच जरा पुसून द्या, असे बायकोने सांगितले तेव्हा मी ‘किती उंचीवरची?’ असे विचारले आणि काच आधीपासून ओरखडलेली असल्याची तिने नोंद घ्यावी, असेही सुचवले. तिने फडके माझ्या हातातून काढून घेतले. पॉलिसीची कलमे मोठ्याने वाचून दाखवण्याची मला लागलेली खोड मुलांना भयंकर कंटाळवाणी वाटते, आणि खरे सांगायचे तर त्यांचे म्हणणे रास्त आहे.

परंतु ज्याच्यामुळे ही सारी उठाठेव चालली आहे, तो ग्राहक मात्र निवांत आहे. त्याच्या व्यवस्थापकाला विम्याचे प्रमाणपत्र हवे, त्यावर त्यांच्या कंपनीचे नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून, म्हणजे माझ्या पॉलिसीचे संरक्षण त्यांनाही मिळेल असे, हवे, आणि रक्कम माझ्या साऱ्या धंद्याच्या उलाढालीहून मोठी हवी. मी त्याला सरळ लिहिले की तुमची दर्शनी काच टफन आहे, ओरखड्यांचे संरक्षण या पॉलिसीत नाही, तेव्हा काम सुरू होण्याआधी दोघांनी मिळून काचांची पाहणी करून लेखी नोंद ठेवावी. ओरखडे भरून देणारी पॉलिसी मी शोधत आहे, ती महाग पडेल आणि तो खर्च दरात धरावा लागेल, हेही कळवले. त्याचे उत्तर लगेच आले: दर वाढणार नाही, पाहणीला वेळ नाही, पॉलिसीची प्रत पाठवू नये, प्रमाणपत्र तेवढे उद्यापर्यंत पाठवावे.