कॉर्वेअर एका पुस्तकाने बंद पाडली नाही

जुन्या गाड्यांचा विषय निघाला की एक विधान हमखास ऐकू येतं: "शेवरोलेची कॉर्वेअर म्हणजे फोक्सवॅगन बीटलची नक्कल, इंजिन लेचंपेचं, आणि राल्फ नेडर यांच्या पुस्तकाने ती बंद पाडली." (शेवरोले हा अमेरिकेतल्या जनरल मोटर्सचा ब्रँड, कॉर्वेअर ही त्याची साठच्या दशकातली छोटी गाडी.) यातलं काहीच जसंच्या तसं खरं नाही.

आधी पुस्तक. नेडर हे ग्राहकांच्या बाजूने लढणारे वकील, आणि गाड्या असुरक्षित आहेत असं सांगणारं त्यांचं 'अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड' नोव्हेंबर १९६५ च्या अखेरीस आलं. कॉर्वेअरवर नवं काम करायचं नाही, कायद्याला लागतील तेवढेच बदल करायचे, हे जनरल मोटर्सने त्याच वर्षी एप्रिलमध्ये ठरवून टाकलं होतं. पुस्तकाचा फटका बसला, हे मान्य. १९६५ च्या मॉडेलच्या दोन लाख ३५ हजारांच्या आसपास गाड्या झाल्या, पुढच्या वर्षी जेमतेम एक लाखाच्या वर. पण एप्रिल १९६४ पासून फोर्डची मस्टँग हेच तरुण गिऱ्हाईक ओढून नेत होती, ते का विसरायचं?

नक्कल म्हणायचं तर साम्य इतकंच, की इंजिन मागे आणि हवेने थंड होणारं. बीटलला चार सिलिंडर, हिला सहा. आणि हिची खरी लढत अमेरिकेतल्याच फोर्ड फाल्कनशी होती. फाल्कन अगदी साधी: पुढे पाण्याने थंड होणारं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन, बनवायला स्वस्त, कुठल्याही मेकॅनिकच्या हातातलं. १९६० मध्ये फाल्कन सुमारे चार लाख ३५ हजार, कॉर्वेअर अडीच लाख. माझ्या मते निकाल इथेच लागला. शेवरोलेने १९६२ साठी साधीसुधी शेव्ही टू आणली आणि कुटुंबाची गाडी ही जागा तिला दिली. कॉर्वेअरला तारलं ते तिच्याच मोंझा या प्रकाराने, म्हणजे वेगवेगळ्या बकेट सीट्सच्या देखण्या दोन दारांच्या कूपेने.

आता इंजिन. सुरुवात २.३ लिटर आणि ८० हॉर्सपॉवरने, जादा पैसे मोजले तर ९५. फाल्कनला ९० होते. १९६२ मध्ये मोंझा स्पायडरला टर्बोचार्जर लागला आणि आकडा १५० वर गेला. १९६५ च्या कोर्सा या कॉर्वेअरच्याच प्रकाराला चार कार्ब्युरेटरसह १४०, टर्बोसह १८०. याला लेचंपेचं कसं म्हणता येईल?

इंजिनात दोष होते, पण वेगळे. इंजिन थंड करणारा पंखा इंजिनच्या डोक्यावर आडवा, क्रँकची पुली मागे उभी. म्हणून पट्ट्याला वाटेत पीळ घेऊन वळावं लागे. सुरुवातीच्या गाड्यांत तो निसटायचा, आणि निसटला की इंजिनचा वारा बंद. त्याहून मोठी अडचण म्हणजे हे इंजिन २.७ लिटरच्या पुढे गेलंच नाही. मस्टँगच्या बॉनेटखाली ४.७ लिटरचं व्ही-८ आरामात बसत होतं.

राहिली सुरक्षितता. १९६० ते ६३ च्या मागच्या स्विंग अ‍ॅक्सलबद्दलची (या रचनेत जोरात वळताना मागचं चाक आत झुकून गाडी अचानक घसरू शकते) टीका योग्यच होती. वळताना गाडी कलू न देणारा पुढचा दांडा, म्हणजे अँटी-रोल बार, कंपनीने खर्च वाचवायला गाळला, आणि भिस्त ठेवली टायरमधल्या हवेवर: पुढे १५, मागे २६ पौंड. चारी चाकांत सारखी हवा भरणाऱ्या मालकांवर असं अवलंबून राहणं चूकच होतं. मात्र १९७२ च्या सरकारी अहवालाने याच गाड्या समकालीन गाड्यांपेक्षा जास्त उलटत नाहीत असं म्हटलं. १९६४ मध्ये बार आला, १९६५ मध्ये मागचं सस्पेन्शनच नवं आलं. नेडर यांचं प्रकरण १९६० ते ६३ च्या गाड्यांवर आहे. पुस्तक दुकानात आलं तेव्हा शोरूममध्ये ती गाडी उरलीच नव्हती.