‘जाळीपलीकडचं सगळं ऐकू येतं’: आपल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

आपण आमच्या हॉटेलला दोन तारे देऊन लिहिलंत: ‘दोघांना निवांत बोलायचं होतं. आधी लांब टेबलाच्या मधोमध बसवलं, शेजारच्याचं कोपर सारखं लागत होतं. मग कोपरा मिळाला, तर जाळीपलीकडचं सगळं ऐकू येत होतं. पैसे वाचवायला नुसत्या लाकडी पट्ट्या ठोकल्यात.’

वाचून वाईट वाटलं, कारण यातलं बरंचसं खरं आहे. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला मी त्या कोपऱ्यात जाऊन बसले. जाळीपलीकडे दोघी बहिणी आईच्या ऑपरेशनबद्दल बोलत होत्या. माझ्या कानातून एक शब्द सुटला नाही. मलाच अवघडल्यासारखं झालं आणि मी उठून गेले.

चूक कुठे झाली ते सांगते. पार्टिशन करताना मी फक्त नजरेचा विचार केला. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १२० सेंटिमीटरवर येतात, म्हणून जाळी १३५ची केली. बसलेल्यांना पलीकडचं दिसू नये, पण उभ्या वाढप्याला कुणाला काय हवंय ते कळावं. फटी ठेवल्या, कारण खिडक्या एकाच बाजूला आहेत. सलग भिंत घातली असती तर आतली टेबलं अंधारी आणि कोंदट झाली असती. हातात पैसे कमी होते हे खरं, पण फटी त्यासाठी नव्हत्या.

आवाजाचा मात्र विचारच केला नाही. तो फटींतून सरळ जातो, आणि फटी बुजवल्या तरी गुळगुळीत छतावर आपटून पलीकडे उतरतो. त्यात खाली टाइल्स, समोर काच. अशा जागी गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो, मग शेजारचा त्याच्यावर चढवतो.

आता कोपऱ्यातल्या टेबलांच्या वर रॉकवूलच्या (दगडाच्या तंतूंचा, आवाज शोषणारा थर) ५ सेंटिमीटर जाडीच्या चौकटी कापडात गुंडाळून टांगल्या आहेत, मुद्दाम छताला न चिकटवता. मागे हवेची पोकळी राहिली की आवाज जास्त शोषला जातो. जाळीला जाड कापडाचा भरपूर चुण्यांचा पडदा लावलाय, हवा तेव्हा ओढून घेता येतो. त्याने आवाज पूर्ण अडत नाही, घुमणं कमी होतं. खुर्च्यांच्या पायांना फेल्ट लावलं. सुताराचे दोन दिवस आणि थोडं कापड, एवढ्यात झालं. हे सुरुवातीलाच करता आलं असतं, याचीच जास्त रुखरुख वाटते.

लांब टेबल मात्र मी काढणार नाही. एकटं येणाऱ्याला चौघांच्या टेबलावर बसवलं की समोरच्या तीन रिकाम्या खुर्च्या त्याच्याकडे बघत बसतात. तो मान खाली घालून भराभर जेवतो आणि निघतो. तोच माणूस लांब टेबलावर बसला की आजूबाजूला माणसं असतात, पण बोललंच पाहिजे असं बंधन नसतं. एक आजोबा रोज तिथेच, शेवटच्या खुर्चीवर बसतात. त्यांच्यासारख्यांसाठीच ते टेबल केलंय.

पण कोपराबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. टेबल ३६० सेंटिमीटर लांब, एका बाजूला सहा जण, म्हणजे माणशी ६०. नेहमीचं माप हेच, पण जेवताना हात हलतो आणि शेजारी अनोळखी असला की तो स्पर्श खुपतो. आता एका बाजूला पाचच खुर्च्या आहेत, माणशी ७२.

आणि तुम्हाला न विचारता तिथे बसवलं, ही चूक टेबलाची नाही, आमचीच. त्याबद्दल मनापासून माफी मागते. आता दारातच विचारतो, ‘सगळ्यांबरोबर बसाल की वेगळं हवंय?’ कोपरा भरलेला असेल तर किती थांबावं लागेल तेही सांगतो.

स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या टेबलाचं अजून जमलेलं नाही, भांड्यांचा आवाज तिथे थेट येतो. त्यावर तोड निघेपर्यंत निवांत बोलायला आलेल्यांना ते टेबल देणार नाही. पुन्हा आलात तर आतल्या कोपऱ्यातलं टेबल तुमच्यासाठी राखून ठेवते, फक्त येण्याआधी एक फोन करा.