शिक्क्यावरून फोटोचं साल ठरवू नका

तुमचा लेख आवडला, पण त्यात ब्रिटिश गावाच्या जुन्या पोस्टकार्डावरचा टपालाचा शिक्का पाहून फोटोचंच साल ठरवलंय, ते पटलं नाही. शिक्का कार्ड कधी पाठवलं ते सांगतो. फ्रिथसारख्या पोस्टकार्डं छापणाऱ्या ब्रिटिश कंपन्या एकाच निगेटिव्हवरून वर्षानुवर्षं कार्डं छापत, त्यामुळे फोटो कितीतरी आधीचा असू शकतो.

आधी कार्डाची मागची बाजू बघा. मधोमध रेघ मारून पत्ता आणि मजकूर वेगळा केला असेल, तर छपाई 1902 किंवा नंतरची. अर्ध्या पेनीचं तिकीट 1918 पर्यंत चाले, मग दर एक पेनी झाला.

मग फोटो भिंगाखाली धरा. स्कॅन करायचा तर 600 डीपीआय (इंचाला 600 ठिपके) तरी हवा, नाहीतर पाट्या वाचता येत नाहीत. मोटारीला नंबरप्लेट दिसली तर फोटो बहुधा 1904 नंतरचा, कारण त्या वर्षी ती सक्तीची झाली. काळ्या-पांढऱ्या खांबावर नारिंगी गोळा (फोटोत अर्थातच करडा), म्हणजे पादचाऱ्यांच्या क्रॉसिंगची खूण, असेल तर 1934 नंतरचा. झेब्रा क्रॉसिंग म्हणजे साधारण 1951 नंतरचा. घरांपुढचे लोखंडी कठडे गायब असतील तर दुसऱ्या महायुद्धात ते भंगारासाठी कापून नेले असण्याची शक्यता मोठी.

रस्ता ओळखायला सावली फार उपयोगी: ब्रिटनमध्ये भर दुपारी बाराच्या सुमारास ती उत्तरेकडेच पडते, त्यावरून रस्त्याची दिशा कळते. मात्र निगेटिव्ह उलटी छापली गेली असेल तर सगळंच फसतं, म्हणून आधी दुकानाची पाटी सरळ वाचता येते ना, ते पाहा.